सिडनीची एकादशी

आचारधर्म पाळणारे कुटुंब परदेशातल्या एखाद्या मोठ्या शहरी पहिल्यांदा जायला निघते, तेव्हा तिकीट, व्हिसा आणि मुक्कामाची सोय यांच्या जोडीला काही जुने प्रश्नही उभे राहतात. समुद्र ओलांडावा का? तिकडे एकादशी कोणत्या दिवशी धरायची? संकल्पात देशाचे नाव काय घ्यायचे? पूजेचे सामान सोबत न्यायचे की तिथले चालते? या सगळ्यांच्या मुळाशी एकच तात्त्विक प्रश्न आहे: धर्मकर्म कोणत्या भूमीशी बांधलेले आहे, भारताच्या की कर्ता जिथे उभा आहे तिथल्या?

हा प्रश्न तपासायला ऑस्ट्रेलियातले सिडनी हे उदाहरण फार उपयोगी आहे. लंडन किंवा न्यूयॉर्कला जाणारा माणूस समुद्र ओलांडतो, पण उत्तर गोलार्धातच राहतो. सिडनी दक्षिण अक्षांश ३४ अंशांच्या जवळ, पॅसिफिकच्या काठावर आहे. तिथे जाणारा समुद्राबरोबर विषुववृत्तही ओलांडतो. ऋतू उलटतात, मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे जातो आणि ध्रुवतारा दिसेनासा होतो. देशकालावर उभ्या असलेल्या आचाराची याहून कडक परीक्षा दुसरी नाही.

पहिला प्रश्न जाण्याचाच. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतित करणाऱ्या कर्मांत आहे आणि त्यावर तीन वर्षांचे कडक व्रत प्रायश्चित्त म्हणून सांगितले आहे. त्याच सूत्रात दुसऱ्या ठिकाणी समुद्रप्रवास हा उत्तरेकडच्या लोकांचा प्रचलित आचार म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे लोक जात होते हे उघड आहे. मनुस्मृती समुद्रावर जाणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंगतीतून वगळते. पण व्याजाचा दर ठरवताना तीच स्मृती समुद्रप्रवासातल्या जाणकारांचे मत प्रमाण मानते. खरी कोंडी पुढे कलिवर्ज्यांच्या यादीने केली. पूर्वीच्या युगात चालणाऱ्या पण कलियुगात टाळायच्या गोष्टींची ती यादी. तिच्यात असे आले की जहाजाने समुद्रावर गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये काशीत निर्णयसिंधू लिहिला, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास धर्मसिंधू लिहिला. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या आचाराला वळण लावणाऱ्या या ग्रंथांनी कलिवर्ज्ये मानली.

या निषेधाचे शब्द नीट पाहिले पाहिजेत. त्यात समुद्राचे पाणी किंवा पलीकडची जमीन अपवित्र आहे असे म्हटलेले नाही. सारा भर परत आलेल्याला पंगतीत घ्यायचे की नाही यावर आहे. महिनोन्‌महिने जहाजावर राहिलेल्या माणसाचे स्नान, संध्या, अन्न यांचे काय झाले असेल याची खात्री देता येत नाही, म्हणून समाजाने आपले दार लावून घेतले. १७८१ मध्ये रघुनाथराव पेशव्यांचा वकील हणमंतराव इंग्लंडला गेला, तेव्हा एडमंड बर्कने त्याला आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि सोवळ्यात स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर मोकळे करून दिले. परक्या देशात सोवळे सांभाळता येते याचा एवढा स्पष्ट दाखला असूनही पुढची शंभर वर्षे वाद चालूच राहिला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून न्यूयॉर्कला निघाल्या, त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार असे सांगितले होते. १८८८ मध्ये मुंबईच्या मोढ वाण्यांच्या पंचायतीने विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींना वाळीत टाकले. १८९१ मध्ये परतल्यावर थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि नंतर राजकोटला जातीला जेवण घातले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात कलिवर्ज्यांची सविस्तर चिकित्सा केली आहे. त्यांच्या मते जुने आचार टाकून देण्याचा हक्क समाजाने वेळोवेळी वापरला, हेच या याद्यांवरून सिद्ध होते. ज्या न्यायाने समुद्रप्रवास वर्ज्य झाला, त्याच न्यायाने तो पुन्हा ग्राह्य होऊ शकतो. आज पंक्तिबाह्य करणारी पंचायतच उरलेली नाही, आणि त्या निषेधाचे कारणही तिच्याबरोबर गेले.

याहून बळकट आक्षेप भूमीचा आहे. पुराणे भारतवर्षाला कर्मभूमी आणि इतर वर्षांना, म्हणजे भूखंडांना, भोगभूमी म्हणतात. काळवीट जिथे स्वभावतः हिंडते तो देश यज्ञाला योग्य आणि त्यापलीकडे म्लेच्छदेश, असे मनुस्मृती सांगते. मग सिडनीत केलेल्या पूजेला फळ कुठून येणार? याचे उत्तर मनुस्मृतीचा नवव्या शतकातला भाष्यकार मेधातिथी याने देऊन ठेवले आहे. त्याच्या मते काळविटाची खूण केवळ दिशादर्शक आहे आणि भूमी स्वतःहून दुष्ट नसते. तिथे राहणाऱ्यांच्या आचाराने ती योग्य किंवा अयोग्य ठरते. सदाचारी राजाने एखादा म्लेच्छदेश जिंकून तिथे वर्णाश्रमाची घडी बसवली तर तो देशही यज्ञाला योग्य होईल, असे तो लिहितो. या विचारातला विजयाचा आणि वर्णव्यवस्थेचा भाग आज कोणी स्वीकारू नये. पण मूळ सिद्धांत मोलाचा आहे: मातीला जात नसते. वारकऱ्याला तर हा प्रश्न पडतच नाही, कारण नामस्मरणाला देशकालाची अट नाही.

जाणे ठरले की मुहूर्त पाहिला जातो. दिशाशूळ मानणारे सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला, गुरुवारी दक्षिणेला निघत नाहीत. मुंबईहून सिडनी आग्नेयेला आहे, पण विमान दिल्लीमार्गे असेल तर पहिला प्रवास उत्तरेकडे होतो. दिशाशूळ हा पायी किंवा बैलगाडीने एकाच दिशेला चालणाऱ्यासाठी केलेला नियम आहे आणि विमानाच्या वेळापत्रकावर तो बसवण्याचा अट्टाहास व्यर्थ होय. ज्यांना मुहूर्त साधायचाच असतो त्यांच्यासाठी ‘प्रस्थान ठेवणे’ ही सोय परंपरेतच आहे: चांगल्या वेळी एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची आणि प्रत्यक्ष निघायचे सोयीने.

सामानाचा प्रश्न मात्र खऱ्या अडचणीचा आहे. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम जगातल्या सर्वांत कडक नियमांत मोडतात. विमानातून उतरताना प्रत्येकाला आपल्याजवळ खाद्यपदार्थ, वनस्पतीचे किंवा प्राण्याचे काही असल्यास ते लिहून द्यावे लागते. ताजी फुले, फळे, पाने, रुजू शकणारे बी आणि दुधाची मिठाई आत नेता येत नाही. साठवणीचे धान्य पोखरणाऱ्या खापरा किडीच्या भीतीने प्रवाशांनी आणलेले तांदूळ, डाळी, जिरे, धणे, वाळलेल्या मिरच्या यांवरही बंदी आहे. म्हणजे घरच्या देवापुढून उचललेल्या पिशवीतल्या तुळशी, बेल, दूर्वा, पेढे आणि अक्षतासुद्धा सिडनीच्या विमानतळावरच राहतात.

इथे मीमांसाशास्त्राचा आधार घ्यावा. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा, म्हणजे बदली द्रव्याचा विचार आहे. व्रीही, म्हणजे साळीचे तांदूळ, मिळाले नाहीत तर नीवार, म्हणजे देवभात, घेऊन यज्ञ पुरा करावा. द्रव्याअभावी नित्यकर्म सोडू नये. ज्यांना बदली नाही अशा गोष्टीही तिथेच सांगितल्या आहेत: देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया. या भेदाने सामानाची यादी सोपी होते. तांदूळ, नारळ, फुले, तूप, उदबत्ती हे सारे सिडनीत विकत मिळते आणि ते प्रतिनिधी म्हणूनसुद्धा नव्हे, मुख्य द्रव्य म्हणूनच चालते, कारण तांदूळ कोणत्या शेतातला हे कर्माने विचारलेले नाही. तुळस मिळाली नाही तर दुसरे पान किंवा फूल वाहावे. सोबत न्यायचे ते मंत्र, देवाची लहानशी धातूची मूर्ती आणि पूजा करण्याची बुद्धी. कपड्यांच्या घडीत प्रसाद दडवून नेणे ही भक्ती नव्हे. खोटे लिहून देणे हे सत्यव्रताचा भंग करणारे तर आहेच, शिवाय त्या किडीने तिथल्या शेतकऱ्याचे नुकसान झाले तर त्याचाही दोष लागतो.

वाटेतल्या आचाराबद्दल परंपरा उदार आहे. स्वतःच्या गावी पूर्ण आचार, प्रवासात अर्धा आणि आजारात नियम नाही, असा संकेत रूढ आहे. पूर्वेकडे उडणाऱ्या विमानात रात्र आखूड होते आणि सूर्योदय लवकर समोर येतो. संध्येला खरा सूर्य लागतो, म्हणून खिडकीतून दिसला तो उदय मानावा आणि जागेवर बसून मनातल्या मनात अर्घ्य द्यावे. मुंबईचे घड्याळ पाहून केलेली संध्या कोणत्याच सूर्याची नसते.

आता तिथीचा प्रश्न. बहुतेक घरांत गोंधळ होतो तो इथे. सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. ती लागण्याचा आणि संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. पण दिवसाला तिथीचे नाव मिळते ते त्या गावच्या सूर्योदयावरून, आणि सूर्योदय प्रत्येक गावी वेगळ्या क्षणी होतो. समजा, जून महिन्यात एखादी एकादशी भारतीय वेळेनुसार पहाटे ४ वाजता लागली. मुंबईत सूर्य ६ च्या सुमाराला उगवतो. तेव्हा एकादशी आहे, म्हणून मुंबईत त्याच दिवशी उपास. सिडनीत त्या तारखेचा सूर्य स्थानिक वेळेनुसार ७ वाजता उगवला, म्हणजे भारतात तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि दशमी चालू होती. दुसऱ्या दिवशी सिडनीच्या सूर्योदयाला सहसा एकादशी असेल, म्हणून तिथला उपास एक तारीख पुढे. पूर्वेकडचे शहर सूर्य आधी पाहते आणि तरीही तिथली एकादशी नंतर येते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण गणित स्वच्छ आहे. अमेरिकेतल्या शहरांत याच्या उलट होऊन उपास तारखेने एक दिवस आधी येऊ शकतो. जे भागवत एकादशी पाळतात त्यांना सूर्योदयाच्या चार घटका आधीचा, म्हणजे ९६ मिनिटांचा, अरुणोदयही सिडनीचाच पाहावा लागतो, कारण दशमीचा वेध त्यावरून ठरतो.

प्रत्येक व्रताला दिवसाचा आपापला भाग आहे. रामनवमी आणि गणेश चतुर्थी मध्यान्ही पाहतात, लक्ष्मीपूजन प्रदोषात, गोकुळाष्टमी मध्यरात्री, श्राद्ध अपराह्णात, संकष्टी चंद्रोदयाला. हे सारे भाग स्थानिक सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदय यांवरून मोजायचे असतात. सिडनीत डिसेंबरचा दिवस १४ तासांहून मोठा आणि जूनचा जेमतेम १० तासांचा. तेव्हा मध्यान्ह म्हणजे दुपारचे बारा हे समीकरण तिथे मुळीच चालत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली असतात. मुंबईच्या दिनदर्शिकेचे पान भिंतीवर लावून सिडनीत संकष्टी सोडणारा माणूस पूर्वजांशी प्रामाणिक असतो, पण शास्त्राशी नसतो. गावाचे अक्षांश-रेखांश देऊन काढलेले पंचांग आता सहज मिळते. प्रवास ठरताच ते पाहून त्या मुक्कामातली व्रते लिहून ठेवावीत. विमानात बसण्यापूर्वी सुरू झालेले व्रत मात्र जिथे उतराल तिथल्या सूर्यानेच संपवावे.

ऋतूंचे कोडे याहून खोल आहे. सिडनीत चातुर्मास थंडीत सुरू होतो आणि वसंतात संपतो; संक्रांतीला ऐन उन्हाळा असतो. संकल्पात श्रावणाला वर्षा ऋतू म्हणावे का? काहींचा सल्ला ऋतू उलटा उच्चारण्याचा असतो. तो टिकणारा नाही. संकल्पातला ऋतू सूर्याच्या राशीवरून किंवा चांद्रमासावरून ठरतो, पाऊस पडतो की नाही यावरून नव्हे. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, म्हणजे शरद आणि हेमंतात पडतो, पण तिथल्या कोणी संकल्प बदललेला नाही. ज्या सणाचे कारणच स्थानिक हवामानात आहे त्याची गोष्ट वेगळी. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात, कारण पावसाळ्याचा जोर ओसरून होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या असतात; सिडनीच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये असे काही घडत नाही. तिथे ही पौर्णिमा कोकणच्या समुद्राची आठवण म्हणून पाळावी, तिथल्या समुद्राचे पर्व म्हणून नव्हे.

दक्षिण गोलार्धात सगळे उलटते, हे भारतीय ज्योतिषाला अज्ञात नव्हते. सूर्यसिद्धांतात उत्तर ध्रुवावर देव आणि दक्षिण ध्रुवावर असुर राहतात, आणि देवांचा दिवस ती असुरांची रात्र असते. शके १०३६, म्हणजे १११४ मध्ये सह्याद्रीच्या परिसरात जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात विषुववृत्तावर एकमेकींपासून ९० अंशांवर चार नगरी मांडल्या आहेत. उज्जयिनीच्या रेखेवर लंका, तिच्या पूर्वेला यमकोटी, पश्चिमेला रोमक आणि पायाखाली सिद्धपूर. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा यमकोटीत दुपार, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र असते. पृथ्वीच्या खालच्या अंगाला राहणारी माणसे खाली पडत नाहीत, आपण इथे जसे निर्धास्त उभे असतो तशीच तीही असतात, हेही त्यांनी बजावले आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ चालवला. ज्या मराठी मुलखात आठशे वर्षांपूर्वी हे शिकवले जात होते, तिथल्या माणसाने सिडनीच्या सूर्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

संकल्पातल्या देशनामाचा प्रश्नही भास्कराचार्यांमुळे टोकदार होतो. त्यांच्या मांडणीत उत्तर गोलार्ध हे जंबुद्वीप आणि दक्षिण गोलार्धात उरलेली सहा द्वीपे. त्या हिशेबाने सिडनी जंबुद्वीपात नाही, मग भरतखंडात किंवा गोदावरीच्या तीरी तर नाहीच. अमेरिकेतल्या देवळांतून क्रौंचद्वीप असा उच्चार केला जातो. पुराणातल्या द्वीपांची आजच्या नकाशाशी अशी सांगड घालण्याला पक्का आधार नाही. देशोच्चाराचा हेतू कर्ता कुठे आहे हे प्रांजळपणे सांगण्याचा आहे. ऑस्ट्रेलिया खंड, सिडनी नगर, पॅसिफिक समुद्राचे तीर असे म्हटले की तो हेतू पुरा होतो. शेजारच्या लहान नदीचे नाव घेतले तरी उत्तम. सवयीने गोदावरीचे दक्षिण तीर म्हणणे मात्र देवापुढे केलेले चुकीचे विधान ठरते.

आकाशाचे दोन-तीन फरक जाणाऱ्याने आधीच समजून घ्यावेत. सिडनीत ध्रुव क्षितिजाखाली असतो आणि अरुंधती दिसेल इतकी वर येत नाही. विवाहातले ध्रुवदर्शन तिथे केवळ मनाने होते. उलट आपल्याकडे दक्षिण क्षितिजाजवळ थोडा काळ दिसणारा अगस्त्य तिथे जवळजवळ डोक्यावर चढतो. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला आणि समुद्र प्राशन केलेला हा ऋषी समुद्रापार जाणाऱ्याला दैवत म्हणून फार जवळचा वाटावा. चंद्र उलटा दिसतो, पण त्याची तिथी तीच. प्रदक्षिणेबद्दल कधी कधी अशी शंका येते की उत्तर गोलार्धात ती सूर्याच्या चालीने होते, मग दक्षिणेत उलटी घालावी का? नाही. देव उजव्या हाताला ठेवून फिरणे ही प्रदक्षिणेची व्याख्या आहे. तिला सूर्याची साक्ष लागत नाही. सिडनीच्या दक्षिणेला हेलेन्सबर्ग इथल्या व्यंकटेश्वराच्या देवळातही देव उजव्याच हाताला असतो.

आणखी एक कर्तव्य बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक पूजेच्या आरंभी ग्रामदेवता, स्थानदेवता आणि वास्तुदेवता यांना नमस्कार करतात. परक्या जागेच्या मालकाची परवानगी घेण्याचा तो विधी आहे. सिडनीचे बंदर आणि मध्यवर्ती भाग ही इओरा समाजातल्या गॅडिगल लोकांची भूमी. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी तिथे वसाहत केली ती त्यांना न विचारता. आज तिथले सार्वजनिक कार्यक्रम या मूळ रहिवाशांचा आदराने उल्लेख करून सुरू होतात. तिथे पूजा करणाऱ्याने स्थानदेवतेला नमस्कार करताना या लोकांचेही स्मरण करावे. मेधातिथीने भूमीची योग्यता जिंकणाऱ्या राजाच्या आचारावर टाकली होती. गॅडिगल लोकांच्या स्मरणाने ती जुन्या रहिवाशांच्या मानावर येते, आणि हे वळण अधिक न्याय्य आहे.

शेवटचा मुद्दा सुतकाचा. प्रवास आखताना तो कोणी काढत नाही, पण वेळ आली की सगळ्यांत जड जातो. मधे मोठी नदी किंवा पर्वत असेल अथवा भाषा बदलत असेल, तो प्रदेश स्मृतिकारांनी देशांतर मानला. तिथे असताना सपिंडाच्या, म्हणजे जवळच्या भाऊबंदाच्या, मृत्यूची बातमी दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेले दिवस, नंतर कळली तर तीन रात्री आणि वर्ष उलटून गेल्यावर कळली तर स्नानाने शुद्धी, असे मनुस्मृती सांगते. बातमी पोचायला आठवडे आणि महिने लागत तेव्हाची ही दया आहे. फोनवर ती क्षणात पोचते, म्हणून सिडनीत असलेल्यालाही जवळजवळ पूर्ण दहा दिवस येतात. पहिला दिवस कोणता, हेही तिथल्याच सूर्योदयावरून धरावे लागते. भारतात रात्री तीनला झालेला मृत्यू सिडनीत दिवस उजाडल्यानंतर कळू शकतो, तेव्हा घरच्यांची आणि परदेशी असलेल्याची दहाव्याची तारीख एका दिवसाने वेगळी पडणे शक्य आहे. पिंडदान करणारा जिथे आहे तिथली तारीख त्याच्या क्रियेला प्रमाण मानावी; इतरांनी आपापल्या गावच्या सूर्योदयाने सुतक सोडावे.